परतीची फेरी रिकामी

दि. ६ नोव्हेंबर

चि. भोंगू यास अ. उ. आ.

बाबांना आता दवाखान्यात ठेवून उपयोग नाही, असं आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मोठ्या सिस्टर कालपासून तसं सुचवत होत्या, पण डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकल्याशिवाय तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. छातीतलं पाणी काढलं की पुन्हा भरतं. हृदय दमलंय. किती दिवस, ते त्या सांगेनात. घरी न्यायचं असेल तर पाठीला उशा लावून नेता येतंय तोवर न्या, एवढंच म्हणाल्या.

मी बाबांना लपवाछपवी न करता सांगितलं. मला वाटलं गप्प होतील. तर त्यांनी विचारलं, की कुठल्या गाडीने?

त्यांची खाट फाटकाकडच्या खिडकीपाशी आहे. दिवसभर डोळे मिटून पडतात आणि आत येणारी गाडी आवाजावरून ओळखतात. ही डोंगराकडची जीप, हिचा दुसरा गिअर अजून अडकतो. ही बाजूला डबा जोडलेली मोटारसायकल, म्हणजे गल्लीबोळातून कुणाला तरी काढलंय. ही ट्रॅक्टरची ट्रॉली, म्हणजे चिखलात दुसरं काही चाललं नसणार. शेजारच्या खाटेवरचे मास्तर त्यांच्याशी पैज लावतात आणि हरतात.

त्यांना घरी यायचंय. पुढच्या खोलीत, धक्का दिसतो त्या खिडकीशी पडायचंय. त्यांनी वर्षानुवर्षं चालवलेली दवाखान्याची बोट आज तू चालवतोस, आणि रुग्ण इथे उतरवला की तळ्यापलीकडे परत जातोस तो रिकामाच. त्या फेरीत बाबांना न्यायला डॉक्टरीणबाईंची तोंडी परवानगी आहे, चालवणाऱ्याची हरकत नसेल तर. तेव्हा दिवस कळव. वायरलेस घरगुती निरोपासाठी नसतो हे तू मला बजावून ठेवलंयस, म्हणून पत्र. उत्तर दूधवाल्या काकांच्या लाँचवर दे.

वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद. तुझी माया आहेच, ती पत्राच्या उत्तरात लवकर दिसू दे.

तुझी,
ताई


दि. ७ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र धक्क्यावरच उभं राहून वाचलं. उत्तर लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. आता सरळच लिहितो. बाबांना मी या बोटीतून आणू शकत नाही.

आधी सगळं वाच, मग रागाव. बोटीत खाट एकच आहे. परतीच्या वाटेवर ती रिकामी असते, कारण वाटेतल्या कुठल्याही वस्तीवरून हाक येऊ शकते आणि मी तिथूनच वळू शकतो. उतारूच काय, पोस्टाची पिशवीसुद्धा त्या खाटेवर ठेवायची नाही. हे मला कुणी शिकवलं ते तुला माहीत आहे. एकदा मी त्यावर छपराचे पत्रे टाकून आणले होते, तेव्हा त्यांनी ते मला धक्क्यावर सगळ्यांसमोर एकेक करून उतरवायला लावले आणि खाटेची चादर बदलायला लावली.

आणि या आठवड्यात तर नाहीच. टोकाच्या वस्तीवर सुताराच्या बायकोचे दिवस भरलेत. जुळं आहे, आणि मागच्या खेपेला तिचं रक्त थांबत नव्हतं. तिथल्या नर्सबाईंनी कालच सांगितलं, की कधीही हाक मारीन, बोट तयार ठेव. त्या वस्तीला रस्ता नाही. मी बाबांना घेऊन तळ्याच्या मध्यावर असलो आणि वायरलेस वाजला तर मी काय करायचं? बाबांना खाली फळ्यांवर ठेवू, की तिला थांब म्हणू?

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली नसती तर बरं झालं असतं. मग नाही म्हणणारा मी नसतो.

घरात तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. ताट समोर ठेवते आणि भिंतीला सांगते, की वाढलंय.

मला काय वाटतंय ते लिहीत नाही. तुला कळतंच. लोभ ठेवणं जमेल तेव्हा ठेव.

तुझा,
धाकटा


दि. ९ नोव्हेंबर

चि. भोंगू यास अ. उ. आ.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. काल लिहिलं असतं तर तोही लिहिला नसता.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवणार नव्हते. काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते. पण त्यांनी काकांच्या लाँचचा आवाज ऐकला होता, आणि मला जिन्यातून येताना पाहून त्यांनी हात पुढे केला. ते स्वतः वाचत बसले. मग घडी घालून उशीखाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. चहा परत पाठवला. मास्तरांनी दोन गाड्यांवर पैज लावून पाहिली, बाबांनी ती घेतली नाही. तुला हे कळायला हवं म्हणून लिहितेय. नियम त्यांचाच असला तरी लागायचं तिथे लागलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं तोंड पुसत होते तेव्हा आपणहून म्हणाले, की त्याचं बरोबर आहे. मग थोड्या वेळाने म्हणाले, की थोडा चुकला असता तर बरं वाटलं असतं.

कारखान्यात येऊन मशीनवर बसले तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. इतकी वर्षं मी इथे रुग्णवाहिकांच्या गाद्या आणि पट्टे शिवतेय. शहरातल्या व्हॅनच्या शिवल्या, जीपच्या शिवल्या, त्या इतक्या आखूड की उंच माणसाला गुडघे दुमडावे लागतात. मोटारसायकलच्या डब्याची तर पाळण्यासारखी गादी. मागच्या वर्षी छोट्या विमानाची शिवली, तिचं रेक्झिन हलकं लागतं. तुझ्या बोटीचीही माझीच. सगळ्या दवाखान्याकडे जाणाऱ्या. माणसाला परत घेऊन जाणाऱ्या गाडीची ऑर्डर आमच्याकडे आजवर कुणी दिलेली नाही. बरी झालेली माणसं बसून जातात, आणि बाकीच्यांचा विचार कुणी करत नाही.

म्हणून आता मीच शोधायला निघाले. उतारूंच्या लाँचवर झोपायला जागा नाही, बाकं हलवणार नाही म्हणाले. व्हॅनचा चालक चांगला आहे, पण तळ्याला वळसा घालणारा रस्ता अर्ध्यावर संपतो. कारखान्याच्या मालकांना मी विमानाचंही विचारलं. ते हसले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघून मान हलवली. मग दूधवाले काका. सकाळी भरलेले कॅन घेऊन येतात, दुपारी रिकामे घेऊन जातात. त्यांना विचारलं तर म्हणाले, की यात विचारायचं काय, कॅन एका बाजूला सरकवू.

बाबांना सांगितलं. त्यांना आपली पहिली नोकरी आठवली. सायकलच्या दोन चाकांवर बसवलेली खाट, आणि ती ढकलणारे ते. खड्डा आला की खाटेवरचा माणूस त्यांना शिव्या द्यायचा. म्हणाले, त्या खाटेवर निभावलं लोकांचं, तर लाँच म्हणजे चैनच.

राग अजून आहे. आवरत आलाय. मायाही आहे, तिचं काही आवरायचं नाही.

तुझी,
ताई


दि. १० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. बाबांचं ते वाक्यही वाचलं.

काकांच्या लाँचचं ऐकून जीव भांड्यात पडला. काही गोष्टी मात्र लक्षात ठेव. इंजिन मागे आहे आणि ते हाडं खिळखिळी करतं, म्हणून गादी पुढच्या अंगाला टाका. फळ्यांवर आधी जाड पोतं, मग गादी. कॅन दोरीने एकमेकांना बांधा. नुसते ठेवले तर लाटेला वाजत राहतात आणि बाबांचं डोकं उठेल. दुपारचं ऊन पाण्यावरून डोळ्यात येतं, तेव्हा ताडपत्री वर बांधा, पण बाजू मोकळ्या ठेवा. त्यांना वारा लागू दे.

मी पुढच्या खोलीतलं कपाट काढलं आणि खाट खिडकीशी लावली. स्वतः पडून पाहिलं. धक्का दिसतो, बोट बांधायचा खुंटही दिसतो. खिडकीची एक फळी आड येत होती, ती काढून टाकली. धक्क्यापासून घरापर्यंत चौघं जण खुर्चीतून आणतील, सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुझी वहिनी आज बोलली. शब्द होता, मीठ. पण माझ्याकडे बघून बोलली.

एक सांगायला हवं. सुताराच्या बायकोचं अजून काही नाही. नर्सबाई म्हणतात, आज-उद्या. तुम्ही येत असताना हाक आली तर मी धक्क्यावर नसेन. कुणी माझी वाट बघत थांबू नका, बाबांना आधी आत घ्या.

बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांनी तो घेतला की नाही, तेही लिही. लोभ मागायला तोंड नाही, पण मागतो.

तुझा,
धाकटा


दि. ११ नोव्हेंबर

चि. भोंगू यास अ. उ. आ.

उद्या दुपारच्या लाँचने आम्ही निघतो. डॉक्टरीणबाईंनी सकाळी तपासून होकार दिलाय. श्वास काल होता त्याहून अडखळतोय, म्हणून परवावर ढकलायचं नाही, असंही म्हणाल्या.

नमस्कार घेतला. हात वर केला, तुझ्या बाजूला, म्हणजे पाण्याकडे.

आता माझा मूर्खपणा ऐक. दोन संध्याकाळी बसून मी गादी शिवली. आजवर कुणाला शिवली नसेल अशी. आत दुप्पट कापूस, पट्टे मऊ, पाठीकडचा भाग उंच. आज ती वॉर्डात नेऊन त्यांच्या खाटेवर पसरली. बाबांनी हात फिरवला, शिवण बघितली, काकांनी पुढच्या कडीला बांधायला मागितलेले बंद बघितले आणि विचारलं, की यात माझं डोकं कुठे? मी दाखवलं. उंच बाजू पुढे, लाँचच्या टोकाकडे. सगळ्या गाड्यांत तशीच असते, डोकं चालकाच्या बाजूला. तर ते हसायला लागले. इतके हसले की खोकला आला आणि सिस्टर धावत आल्या.

खोकला थांबल्यावर म्हणाले, की आयुष्यभर मी माणसांना असंच झोपवलं. सगळे मागे बघत गेले, आपला काठ लांब जाताना. मला आता कुठल्या दवाखान्याला जायचंय? माझी गादी फिरव. मला आपला काठ येताना बघू दे.

वॉर्डबॉय म्हणाला, पाय पुढे करून जिवंत माणसाला कुणी नेत नाही, अशुभ दिसतं. खरं सांगू, मलाही तसंच वाटलं. बाबा त्याला म्हणाले, की पाय नाही रे, माझे डोळे पुढे आहेत. मग मी तिथेच खाली बसून उसवलं. इतकी पक्की शिवण मी का घातली होती, असं झालं. आता बंद दुसऱ्या टोकाला लावलेत. कारखान्यात कुणाला दाखवली तर म्हणतील, ताईंचं डोकं फिरलं.

तुझ्यासाठी त्यांचा निरोप आहे, अगदी तसाच लिहिते. पाण्यावरचा नियम विसरू नको. खाट भरलेली असली तर एक लांब भोंगा, रिकामी असली तर दोन आखूड. लाँचमध्ये त्यांना ऐकू येईल. आणि हाक आलेली असताना तू धक्क्यावर उभा दिसलास, तर ते काकांना लाँच वळवायला सांगतील. डोळे मोठे करून सांगितलंय, म्हणजे तेवढा जोर अजून आहे.

राग संपला रे. माया घे इकडून भरभरून.

तुझी,
ताई


दि. १२ नोव्हेंबर, सकाळी

ती. ताईस सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, काका लाँच सोडतायत. टोकाच्या वस्तीवर कळा सुरू झाल्यात, असा नर्सबाईंचा वायरलेस आत्ताच आला. रक्तही दिसलंय. मी तिला आणायला निघालोय. हे पत्र तुला लाँचवरच मिळेल, बाबांना गादीवर टेकवलं की वाचून दाखव.

वस्ती लांब आहे, तिला घेऊन मी शहराकडे येईन तोवर दुपार होईल, तेव्हा तुम्ही इकडे येत असाल. तळ्याच्या मध्यावर बेटाच्या आसपास गाठ पडेल. मी थांबणार नाही, वेगही कमी करणार नाही. काकांना सांग, बेट आलं की लाँच बाजूला घ्या आणि माझ्या लाटेकडे तोंड करा, म्हणजे बाबांना हिसका बसणार नाही.

मी एक लांब भोंगा देईन, तो नियमाचा. त्यानंतर आणखी एक लांब देईन. तो कुठल्या नियमात नाही. बाबांना सांग, तेवढा मी आज चुकणार आहे.

ते झोपले असले तर उठवू नकोस.

धक्क्यावर तुझी वहिनी आणि चौघं जण खुर्ची घेऊन उभे असतील. सुताराच्या बायकोला डॉक्टरीणबाईंच्या हवाली केलं की मी तसाच मागे फिरेन, बोट रिकामी घेऊन. संध्याकाळपर्यंत पोचेन. खिडकी उघडी ठेवा.

तुझा,
भोंगू