कात्री कुणाच्या हातात

प्रिय शेंडेफळ,

मागच्या वेळी फोन ठेवताना तू मला प्रतिगामी म्हणालीस. शब्द जड होता, म्हणून आईला अर्थ विचारला. बटण लावता लावता ती म्हणाली, आरसा आतल्या खोलीत आहे. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी चष्मा सापडेना, मग बोलावंच लागलं.

आमच्या शिंपी संघाचा नियम तुला तोंडपाठ आहे. बायकांनी शिवायचं, काजं करायची. कापड बेतून कापायचं ते पुरुषांनीच. तो बदलायचा ठराव नव्या पोरींनी आणलाय, रविवारी मतदान आहे. विरोध करणाऱ्यांचा पुढारी अर्थातच तुझा बाप. गेल्या बैठकीत मी चांगला अर्धा तास बोललो. बाईच्या हाताला कात्रीचा अंदाज येत नाही, असं ठासून सांगितलं. अध्यक्षांनी तर माझ्या दुकानातला कोट उंच धरला आणि म्हणाले, खांदा कसा बेतलाय बघा, याला म्हणतात पुरुषाचा हात. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तो कोट तुझ्या आईनं बेतला होता. हसू नकोस. माझा उजवा हात चार वर्षांपासून थरथरतो. दुकानाचा पडदा ओढून ती बेतते आणि मी शेजारी उभा राहून सूचना देतो. त्या ती ऐकत नाही, म्हणून कोट चांगले होतात. त्या दिवशी घरी आलो तेव्हा तिनं विचारलं, कोट आवडला का लोकांना? मी नुसतं हो म्हटलं. ती पुढचं कापड पसरायला लागली. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती गं.

तुझ्या त्या शब्दावर मी बराच विचार केला. जुनं चांगलं होतं म्हणून मी भांडत नव्हतो. बेतायच्या टेबलापाशी माझा मान होता, तो गेला तर माझ्याकडे उरणार काय, या धास्तीनं भांडत होतो. घाबरलोय म्हणायची लाज वाटायची, म्हणून परंपरा म्हणायचो. लोकही माना डोलवायचे. त्यातले निम्मे माझ्यासारखेच घाबरलेले असावेत.

रविवारी मी उभा राहून कोटाचं खरं सांगणार आहे. आईची परवानगी घेतलीय. आणखी एक गोष्ट सांगणार आहे, पण ती सभेच्या आधी तुला कळायला हवी, म्हणून हे पत्र. नऊ वर्षांपूर्वी बेतकामासाठी तू संघाकडे केलेला अर्ज एका मतानं पडला. तू घर सोडून गेलीस, आणि मताची चिठ्ठी शेजारच्या काकांनीच विरोधात टाकली असं धरून त्यांच्याशी आजवर बोलली नाहीस. काकांनी तुझ्या बाजूची चिठ्ठी मला दाखवून मगच पेटीत टाकली होती. विरोधातली माझी होती.

चुकलेला, पण तुझाच,
बाबा