तळ्यातल्या चाळीस गोगलगाई

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

मागच्या पत्रात लिहिलं होतं की इथल्या तळ्यातल्या चाळीसही गोगलगाई निरोगी निघाल्या. ते चूक आहे, आणि चूक माझी आहे.

गोगलगाईच्या अंगात रोगाच्या अळ्या असल्या, तर उजेड लागल्यावरच त्या पाण्यात उतरतात. गोगलगाई ठेवलेली पाण्याची भांडी दोन तास दिव्याखाली ठेवायची असतात, ती मी घाईने पंधरा मिनिटांत उचलली होती. आज शनिवारी पुन्हा नीट तपासलं, तर दोन भांड्यांत अळ्या वळवळत होत्या. त्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. मी हातमोजे घालते, माझी काळजी नको.

पण माझ्या अहवालावरून मंगळवारी तळं मुलांना पोहायला खुलं होतंय. प्रयोगशाळा झाडणाऱ्या मावशी हसत म्हणाल्या, "ताई, आमची नात आत्तापासूनच टॉवेल खांद्यावर टाकून बसलीय!"

"तिला पाठवू नका," एवढंच मी पुटपुटले. कारण सांगायचा धीर झाला नाही.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर परगावी आहेत, सोमवारी येतील. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. आता घरीच पाठवतील, या भीतीने घास उतरत नाही. आईला मात्र नीट जेवते म्हणून सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

तुम्ही घरी शिकवताना चुकलेलं कधी रबराने पुसू द्यायचा नाहीत. वर एक रेघ मारायची, चूक दिसली पाहिजे, म्हणायचात. वहीत ते सोपं होतं हो, बाबा.

सोमवारी, नऊ तारखेला, सकाळी आठ वाजता मी सरांना सगळं सांगणार आहे.

तुमची भित्री लेक