शुक्रवारची धूळ

२ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदावर तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

बाळंतपण महिनाअखेरीस आहे आणि मला आई हवी आहे. तिच्या दम्याची धास्ती मलाही आहे. पण या कोरड्या शहराची हवा मी रोज मोजते, ती तुझ्या औषधाच्या दुकानात बसून कळत नाही. थंडीत धूर खाली बसून राहतो, एप्रिल लागला की धुळीची वादळं सुटतात. मधला मार्चच काय तो बरा. सलग दहा दिवस धुळीचा आकडा शंभराच्या आत आला तरच आईला पाठवीन, ही तुझी अट मान्य. फेब्रुवारीचे आकडे सोबत आहेत. एकही खोडलेला नाही.

पोट इतकं पुढे आलंय की नोंदवहीपर्यंत हात पुरत नाही, हे आईला सांग.

राग ओसरला असेल तर लोभ असू दे.
तुझी,
ठकी

९ मार्च
चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

चष्मा पुसून तीनदा वाचलं. सहा दिवस साठ-सत्तर आणि शुक्रवार आला की तीनशे! चारही शुक्रवारी तेच. तुमच्याकडे धुळीची हजेरी शुक्रवारीच लागते की काय?

हसू आलं, पण आईला पाठवायचं धाडस होईना. परवा दोन जिने चढली तर पंप घ्यावा लागला. मी नाही म्हटल्यापासून तिने अबोला धरलाय. चहाचा कप समोर आदळते. तू आकडे दडपले असतेस तर मला कळलंही नसतं. दडपले नाहीस याचा अभिमान वाटतो, आणि वाईटही वाटतं.

जिने जपून चढ. शिव्या दे, पण पत्र लिहीत जा.
तुझा,
दादा

१४ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज शुक्रवार. सकाळी सहाला धापा टाकत कचेरीची गच्ची गाठली. पाहते तो काय, आमचे पहारेकरीकाका कोरड्या झाडूने अख्खी गच्ची झाडतायत, धुळीचे लोट उठतायत, आणि मध्येच फडक्याने माझं धूळ मोजायचं यंत्र झटकणं चाललंय! विचारलं तर ऐटीत म्हणाले, शुक्रवारी साहेब तपासणीला येतात, यंत्र चकचकीत दिसायला हवं. आणि हे त्यांना सांगितलं कोणी? मीच! जानेवारीअखेर, मी इथे रुजू झाले त्याच आठवड्यात.

पायरीवर बसून हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. काका बिचारे ओशाळले. साहेबांनी शुक्रवारचे सगळे आकडे बाद केले आणि मला चांगलंच झापलं. आता काका ओलं फडकं फिरवतात, तेही मी यंत्र बंद केल्यावर.

मागचं सोडून दे, उद्यापासून नव्याने मोज. पण दादा, दिवस फार थोडे उरलेत रे. मला भीती वाटते.

तुझ्या मायेची वाट पाहणारी,
ठकी

२५ मार्च
चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर रोज कळवलेले दहाही आकडे शंभराच्या आत. शुक्रवारी एकाहत्तर! आई उद्याच्या गाडीने निघतेय. अबोला सुटला, पहिलं वाक्य होतं, माझी बॅग काढ. पंप दोन दिलेत, औषधांवर वेळा लिहिल्यात. घर आत्ताच ओकंओकं वाटतंय, पण मी खूश आहे.

पहारेकरीकाकांना माझा नमस्कार. लोभ वाढेल तेवढा वाढव.
तुझा,
दादा

९ एप्रिल
चि. मोठ्यास,
अनेक आशीर्वाद.

ठकी झोपलीय म्हणून मीच लिहिते. भाची आठ दिवसांची झाली. नाक तुझं आहे, त्याला इलाज नाही. परवापासून बाहेर वादळ घोंघावतंय. जावईबापू खिडक्यांना ओल्या चादरी लावत फिरतात आणि ठकी पडल्यापडल्या हुकूम सोडते. पंप घेते आहे, काळजी नको.

हवा कशी आहे म्हणून रोज विचारतोस. मला विचारू नकोस बाबा. तीन दिवस या पोरीच्या टाळूला नाक लावून बसलेय, दुसरी कुठली हवा घेतलीच नाही.

तुझी,
आई