दुखणं माझं, दुरुस्ती मशीनची

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा पडल्या पडल्या नमस्कार (वाकायला डॉक्टरांची मनाई आहे). तुझी तब्येत कशी आहे? नुसतं ‘बरी आहे’ म्हणू नकोस. मीही तेच म्हणत होते आणि आज हॉस्पिटलात आहे. मला हार्ट अटॅक येऊन गेला. घाबरू नकोस, जगले आहे आणि तोंड पूर्वीसारखंच चालतंय.

मागे ह्यांच्या छातीत दुखलं ते तुला ठाऊकच आहे. एक हाक मारायचा अवकाश, शेजाऱ्यांनी उचलून गाडीत घातलं. वरच्या मजल्यावरचे वकील एरवी मान वर करून बघत नाहीत, तेही अनवाणी धावले. निघाला गॅस. (मोठा ढेकर आला आणि सगळे घरी परतले.) तरी पुढे कितीतरी दिवस माणसं ह्यांना बघायला येत होती आणि मी चहा करत होते.

माझं दुखणं पडलं बाईमाणसाचं, ते आधी शिलाई मशीनवर गेलं. पाठ भरून यायची, जबडा ठणकायचा, मळमळायचं, आणि पॅडल मारलं की दम लागायचा. मला वाटलं पॅडल जड झालंय, म्हणून मी मशीनला तेल घातलं. (नवरीचे कपडे द्यायचे होते गं. लग्न काही माझ्या जबड्यासाठी थांबणार नव्हतं.) तरी जडच लागतंय म्हटल्यावर ह्यांनी, अगदी काळजीने हं, मशीनवाल्याला बोलावलं. त्या भल्या माणसाने मशीन उघडलं, पुसलं, स्वतः चालवून पाहिलं आणि मशीनला काहीही झालेलं नाही असं सांगून गेला. ह्यांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घामाने निथळत होते. हे पांढरेफटक पडले.

हॉस्पिटलात चाकांची खुर्ची आली ती ह्यांच्यासाठी (मागच्या ढेकरापासून चेहरा ओळखीचा ना), आणि हे गडबडीत बसलेसुद्धा! मग उठून मला बसवलं. एका डॉक्टरने मला, घरी काही टेन्शन आहे का, असं विचारलं. त्यावर ह्यांनी असा आवाज चढवला की तपासणी लगेच झाली. मनगटातून तार घालून हृदयाची नस मोकळी केली. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बायकांना कधी कधी छातीपेक्षा पाठ-जबडाच जास्त दुखतो, आणि त्या येतातही उशिरा. माझ्या हृदयाचा थोडा भाग कायमचा गेला. आधी आले असते तर वाचला असता. ते ऐकून मला फार रडू आलं. हे तेव्हापासून खाटेजवळून हललेले नाहीत.

तुझी,
धाकटी

ता. क. नवरीचे कपडे वेळेवर पोचले. बटणं ह्यांनी इथेच खाटेशी बसून लावली. सगळी आतल्या बाजूने.

आणखी एक. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. आई जायच्या आधी पाठ दुखते म्हणत होती, आठवतं? तिने नवी गादी आणवली, आणि आपण सगळ्यांना सांगत राहिलो की नव्या गादीवर सुखाने गेली. ताई, तू आता तिच्या वयाला आलीस. उद्या जाऊन तपासून घे, काही दुखत नसलं तरी. मला दुसरी बहीण नाही.