कोलाजेन टेनचा सूड

९ जानेवारी २०१६, लातूर. येळवस.
दुष्काळात रान उघडं पडलंय, पण येळवस ती येळवस, या अवसेला रानात जेवण झालंच पाहिजे. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या शिवमूर्तीनं आमच्या अख्ख्या डेंटल कॉलेजला उदगीरजवळच्या आपल्या शेतात जेवायला बोलावलेलं. येळवसीचं आवतन शत्रूचंही मोडता येत नाही. सकाळपर्यंत तो शत्रू नव्हताच म्हणा. भज्जी, उंडे, आंबील झाल्यावर शिवमूर्तीनं आपला छापून आलेला रिसर्च पेपर फिरवला. जबड्याच्या सांध्यावरचा. अरे, विषय माझा! कॅन्टीनमध्ये मीच म्हणालो होतो की या सांध्यात काहीतरी आहे. लेखकांत माझं नाव नाही. शेवटी आभारात, बारीक अक्षरात: 'डॉ. भीमाशंकर, चाकू उसना दिल्याबद्दल.'
सूड घेणार. निषेध म्हणून आंबिलीची पुढची वाटी नाकारली. चौथी होती.

११ जानेवारी
दातओठ खात पेपर वाचला. गर्भात जबड्याच्या सांध्यात आधी मऊ कूर्चा असते, मग तिच्या जागी हाड येतं. शिवमूर्ती म्हणतो, कोलाजेन टेन नावाचं प्रोटीन हाड होण्याच्या जरा आधी, तेही एका पातळ थरातच दिसतं. बकवास. ते पहिल्यापासून, सगळीकडे असणार. मला वाटतंय म्हणजे असणारच. एप्रिलात नांदेडच्या कॉन्फरन्सला भर सभेत त्याचं नाक कापतो. मग बघू कुणाचं नाव कुठं छापतात.
उद्यापासून रोज सकाळी सातला लॅब.

१२ जानेवारी
अकराला गेलो. नळाला पाणी नव्हतं.

३ फेब्रुवारी
'उदगीर जिल्हा करा' म्हणून पोरं सह्या मागायला आली. शिवमूर्ती उदगीरचा. दिली नाही सही. बसा म्हणावं तालुका होऊन!
बायको, जगदेवी, म्हणाली, अवो, माझं म्हायेर बी उदगीरच हाय की. हे लक्षातच आलं नव्हतं. भाजी अळणी.

२१ फेब्रुवारी
जगदेवी म्हणते, झोपेत लई दात खाऊन राहिलाव, शेजारीण इचारत होती घरात डाळमिल टाकली का म्हणून. तिला काय कळणार, ही जिद्द आहे. जांभई देताना कानापाशी कट् वाजतं, एवढंच.
स्टाफरूममध्ये शिवमूर्ती दिसला की मी फुटाणे खातो. जोरात. आज म्हणाला, भीमा, तुझ्या सांध्यातून आवाज येऊन राहिलाय, एकदा दाखव. शत्रूला जबडा दाखवू? हाड्!

१४ मार्च
उंदराच्या पिल्लांच्या जबड्यांच्या स्लाइड रंगवायला घेतल्या. प्रोटीन असेल तिथं तपकिरी रंग येतो. मधेमधे डिस्टिल्ड वॉटरनं धुवायच्या असतात. लॅब अटेंडंट चंद्रप्पा म्हणाला, सर, मशीन बंद हाय, नळालाच न्हाई तर डिस्टिल्ड कशाचं करावं? म्हटलं, बोअरचं आण. गढूळ लाल आलं. असू दे. पाणी ते पाणी.

१६ मार्च
विजय! सगळं तपकिरी! कूर्चा तपकिरी, हाड तपकिरी, जीभसुद्धा तपकिरी. कोलाजेन टेन सगळीकडे! मेला शिवमूर्ती.
कंट्रोलची स्लाइडही तपकिरी आली. तिच्यावर प्रोटीन ओळखणारं औषध घातलंच नव्हतं, ती कोरी राहायला हवी होती. कंट्रोल ही संशयी लोकांची सोय आहे. कचऱ्यात टाकली.

१२ एप्रिल
लातूरला रेल्वेनं पाणी आलं. सगळं गाव बघायला पळालं. मी आरशासमोर भाषण पाठ करत होतो. शेवटचं वाक्य जबरदस्त जमलंय: 'शिवमूर्ती, तुझा शोध साफ खोटा आहे!' 'खो'ला तोंड मोठं उघडलं की जबडा अडकतो. हलवला की सुटतो. डेंटिस्टला दाखवला, म्हणजे मलाच. काही नाही म्हणालो.

२३ एप्रिल, नांदेड. सकाळ.
एसटीनं पोचलो. नवा शर्ट. शिवमूर्ती पहिल्याच रांगेत. हसतोय. हस बाबा, हसून घे.

२३ एप्रिल. संध्याकाळ.
बोलता येत नाही म्हणून लिहितो.
स्लाइड दाखवल्या. लोक एकमेकांकडे बघायला लागले. हादरले असं वाटलं. मग शेवटचं वाक्य. 'साफ खो' पर्यंत गेलो आणि तोंड उघडं ते उघडंच. मिटेना. लाळ शर्टावर. माईक चालू. समोर सगळे डेंटिस्ट, त्यामुळं काय झालंय ते कुणाला सांगावंही लागलं नाही.
शिवमूर्ती स्टेजवर चढला. अंगठ्यांना रुमाल गुंडाळले, माझ्या दाढांवर ठेवून खाली दाबलं, मागं सरकवलं. कट्. बसला जबडा. टाळ्या! माझ्या भाषणाला एक नव्हती. हनुवटीपासून डोक्यावर पट्टी बांधता बांधता त्यानं कानात हळूच विचारलं, लेका, स्लाइड कसल्या पाण्यानं धुतल्यास?

२ मे, लातूर
जेवण म्हणजे आंबील. फक्त आंबील. चौथी वाटीसुद्धा मुकाट्यानं पितो.
शिवमूर्ती घरी आला. जगदेवीनं माहेरचा माणूस म्हणून चहा दिला, मला न विचारता. गडी नवा पेपर लिहितोय: भर भाषणात निखळलेला जबडा. स्टेजवरचा माझा फोटो घालायचाय, संमती पाहिजे. जगदेवीनं पेन हातात दिलं. मी खुणेनं विचारलं, लेखकांत नाव? न्हाई म्हणाला. बरं, आभारात? म्हणाला, पेशंटचं नाव छापत नसतात भीमा, फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी राहील.
सही केली. मागच्या खेपेला निदान चाकू तरी माझ्या नावावर होता.