क्रेसेन्सिओ आजोबांच्या उशा

पिलार, रविवार दुपार

प्रिय एउदोसिया मावशी,

हात जोडून आशीर्वाद मागते. तू खुशाल असशील, कोंबड्या अंड्यांवर बसल्या असतील, दिग्नाताईची मुलं शाळेत जात असतील आणि चर्चच्या गायकमंडळातल्या त्या नव्या बाईने अजून तुझी पुढची जागा बळकावली नसेल, अशी आशा करते. मीही जिवंत आहे. सध्या माझ्याबद्दल छातीठोकपणे सांगता येण्यासारखं तेवढंच आहे.

आधी मुद्द्याचं सांगते. तुझ्या शिवणाच्या दुकानात काजं करायला आणि बटणं लावायला कोणी हवं असेल तर मी यायला तयार आहे. तू म्हणशील, हिला चाळिशीला टेकल्यावर नर्सिंगचं वेड लागलं, प्रवेश मिळाला म्हणून हिने अख्ख्या गल्लीत चीजच्या गरम चिपा भाजून वाटल्या, माझ्याकडून पांढरा गणवेश शिवून घेतला (तो काखेत अजून काचतो, पण ते जाऊ दे), आणि आता ही बटणं लावणार म्हणते. म्हण. काय वाटेल ते म्हण. पण बटण चुकीच्या जागी लागलं तर उसवून पुन्हा लावता येतं, आणि तोवर त्या बटणाला धाप लागत नाही. मला आता असलंच काम हवं आहे.

तुला ठाऊक आहे, पहिलं वर्ष मी कसं गाजवलं ते. (तुला ठाऊक असणारच, मीच दर आठवड्याला फोन करून सांगत होते.) आमच्या सुनिल्दा बाई कागदावर रुग्ण द्यायच्या. वय अमुक, तक्रार तमुक, नाडी इतकी, रक्तदाब इतका, तर परिचारिका प्रथम काय करील? मी धडाधड उत्तरं लिहायची. कागदावरच्या रुग्णाइतका सज्जन माणूस जगात नाही गं. तो जे होतंय तेवढंच सांगतो. त्याला नातेवाईक नसतात. तो उशीखाली चीज घातलेली चिपा लपवत नाही, आणि आपण विचारायच्या आधीच त्याची सगळी लक्षणं ओळीने उभी असतात. असे कितीतरी लोक मी वर्षभरात बरे केले. एकच दगावला, पण तो प्रश्नातच दगावलेला होता, त्याच्या नातेवाइकांशी कसं बोलावं एवढंच विचारलं होतं. त्यातही मला पैकीच्या पैकी मिळाले.

यंदा मात्र बाईंनी आम्हाला वॉर्डात नेलं आणि प्रत्येकीच्या पदरात एकेक खरा माणूस टाकला. त्याला तपासायचं, बोलतं करायचं, पुस्तकातलं ज्ञान त्याच्यावर लावून बघायचं, त्याला नेमका कशाचा त्रास आहे आणि परिचारिका म्हणून आपण त्यावर काय करणार हे लिहायचं, आणि बाईंनी ते बघितल्याशिवाय रुग्णाला एक अक्षर बोलायचं नाही. हे शेवटचं बाईंनी दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा मान डोलावली होती.

माझ्या वाट्याला क्रेसेन्सिओ आजोबा आले. नदीवर उभा जन्म होडी चालवलेला माणूस. उजव्या नडगीवर जखम, ती काही केल्या भरेना, म्हणून दाखल केलेले. डॉक्टरांचं सगळं लक्ष त्या जखमेवर. आजोबा स्वभावाने इतके गोड की तिथेच माझा घात झाला. जे विचारावं त्याचं खरं उत्तर द्यायचे. म्हणजे जेवढं विचारलं तेवढ्याचंच.

मी पुस्तकातल्या क्रमाने निघाले. रात्री झोपताना किती उशा घेता? (हा प्रश्न फार महत्त्वाचा, मावशी. ज्याचं हृदय थकलेलं असतं त्याला आडवं झालं की श्वास पुरत नाही, म्हणून तो उशांवर उशा रचून झोपतो. परीक्षेत हे मी चित्र काढून लिहिलं होतं.) आजोबा म्हणाले, एकही नाही. मी खूश झाले आणि लिहिलं: हृदयाची तक्रार नाही. मग विचारलं, दिवसाकाठी पाणी किती पिता? आजोबा म्हणाले, पाणी मी पीतच नाही. मी चमकले. अजिबात नाही? त्यांनी सातुर्निना आजींकडे बघितलं. आजी म्हणाल्या, आमच्या लग्नापासून या माणसाला मी पाण्याचा पेला तोंडाला लावताना पाहिलेलं नाही. आता तूच बघ, ओठ कोरडे, लघवी थोडी, अंगात त्राण नाही, उठलं की गरगरतं, आणि पाणी पीत नाहीत. पुस्तकातलं पानच समोर पलंगावर निजलं होतं. शरीरातलं पाणी कमी झालेलं असणार, दुसरं काय? पाय सुजलेले दिसत होते, पण पायाला जखम म्हटल्यावर सूज असायचीच.

बाई त्या सकाळी दुसऱ्या वॉर्डात अडकल्या होत्या. मी थांबायला हवं होतं. पण इतकं सुंदर निदान हातात घेऊन गप्प बसणं माझ्याच्याने होईना. मी आजोबांचा हात हातात घेतला आणि त्यांना पाण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. मूत्रपिंडं, रक्त, जखम भरून येणं, सगळं. इतकं रसाळ बोलले की शेजारच्या पलंगावरच्या माणसानेही पाणी मागवलं. सातुर्निना आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं कोणी आम्हाला असं बसून समजावलं नव्हतं.

आणि त्यांनी ऐकलं गं. जन्मात माझं कोणी ऐकलं नाही, या दोघांनी मात्र ऐकलं. दुसऱ्या दिवशी आजी घरून मोठा थर्मास घेऊन आल्या, बर्फाने शिगोशीग भरलेला, आणि त्यांच्या नेहमीच्या थर्मासशेजारी ठेवला. नेहमीचा म्हणजे तेरेरेचा, पाल्यावर घोटाघोटाने ओतून नळीने ओढायच्या गार पाण्याचा. आता तू कपाळाला हात लावला असशील. मीही लावला, पण उशिरा. आजोबा सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारी डोळे मिटेपर्यंत तेरेरे ओढत असत, सगळा गाव ओढतो तसा. मी स्वतः वर्गात ओढते. पण तेरेरेला पाणी कोण म्हणतं? पाणी म्हणजे पाणी आणि तेरेरे म्हणजे तेरेरे. त्यांनी मला खरं तेच सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी रोजचा तेरेरे तर घेतलाच, वर माझ्या शब्दाला मान देऊन पाणीही प्यायले.

दुपारी सगळा वॉर्ड पेंगत असताना मी त्यांची नाडी बघायला गेले. आजोबा उताणे पडले होते आणि उशीवर (इस्पितळाच्या, एकुलत्या एक) डोकं इकडून तिकडे फिरवत होते. ओठ निळसर. श्वासाबरोबर छातीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता, हुक्क्यासारखा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मावशी, त्या नजरेत राग नव्हता, भीती होती, आणि ती त्यांनी माझ्यापुढे उघडी केली, कारण मी त्यांची नर्स होते.

पुढे मी काय केलं ते मला नीट आठवतही नाही, इतरांनी सांगितलं तेच सांगते. मी त्यांना काखेत धरून उठवून बसवलं, पाय पलंगाखाली सोडले, प्राणवायूची नळी नाकाला लावली, आणि एका हाताने त्यांना धरून दुसऱ्या हाताने पलंगाचा लोखंडी दांडा बडवत ओरडत राहिले. डॉक्टर धावत आले, छातीत पाणी साचलंय म्हणाले, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, आणि मग आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो. देवळातल्या कुमारीमातेकडे मी आजवर पुष्कळ मागितलं आहे, पण कोणाला लघवी होऊ दे म्हणून हात कधी जोडले नव्हते. तिने ऐकलं. भरभरून ऐकलं. हळूहळू ओठांचा रंग परत आला. मी मागच्या आवारात जाऊन धुणं वाळत घालायच्या तारांखाली बसले आणि नाक लाल होईपर्यंत रडले.

सुनिल्दा बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि माझाच रुग्ण मांडायला लावला, पहिल्या प्रश्नापासून. मी चाचरत पायांच्या सुजेपर्यंत आले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं,

"जखम किती पायांना होती?"

"एका पायाला, बाई."

"आणि सूज?"

"दोन्ही पायांना."

वर्गात कोणी हसलं नाही. सगळ्यांना आपापले रुग्ण आठवले असावेत. बाई उठल्या. मला घेऊन त्या सरळ आजोबांच्या पलंगाशी गेल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, आजोबा, घरी झोपता कसे ते जरा सांगा. आजोबांनी सांगितलं. ते आयुष्यभर झोळीच्या झोपाळ्यात झोपत आले, त्यात उशी कोण घेतो? पण उन्हाळ्यापासून झोपाळाही सोडला. दाराशी लाकडी खुर्ची टाकून, भिंतीला डोकं टेकून बसल्या बसल्याच डोळा लागतो तेवढीच झोप.

"आडवं झालं की नदी छातीवर चढते," ते म्हणाले.

बाईंनी विचारलं, हे तुम्ही या मुलीला का नाही सांगितलंत? आजोबांनी माझ्याकडे मोठ्या मायेने बघितलं.

"तिने उशा विचारल्या. माझ्याकडे उशा नाहीत."

मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "पाणी काही तू पाजलं नाहीस, मी प्यायलो. आणि बर्फ छान होता." इतक्या चांगुलपणाने माणूस अगदी मोडून जातो गं. बाईंनी जाता जाता फक्त एवढंच सांगितलं की सगळं पुन्हा लिही. मी विचारलं, उशांपासून? त्या म्हणाल्या, नाही, माणसापासून. (हे त्या नेहमीच म्हणतात. पूर्वी मी ते वहीत सुरेख अक्षरात लिहून त्याखाली रेघ मारायचे.)

तेव्हापासून मला कोणाला काही विचारायचाच धीर होत नाही. खानावळीत कोणी म्हणालं की मी मीठ खात नाही, तर मी त्याच्या ताटाकडे बघत बसते. बसमध्ये शेजारची बाई जांभई देते आणि मी तिच्या घोट्यांकडे बघते. पुस्तक उघडलं की प्रत्येक ओळ माझ्याकडे बघून म्हणते, नक्की ना? जिने सगळे कागदी रुग्ण बरे केले तिने पहिल्याच खऱ्या माणसाला बर्फाच्या पाण्यात बुडवलं असतं. म्हणून म्हणते, मला दुकानात घे. मी मुकाट्याने काजं करीन. गिऱ्हाइकांशी बोलणार नाही. माप तूच घे.

दिग्नाताईला आणि मुलांना माझी आठवण सांग. तुझा आशीर्वाद असू दे, त्याची इतकी गरज मला कधीच नव्हती.

तुझी भाची,
निमिया

ता. क. दुकानात लगेच जागा करू नकोस. उद्यापासून माझी पाळी स्त्रियांच्या वॉर्डात लागली आहे आणि माझ्याऐवजी जायला कोणी नाही. त्यानंतर बघू. खरं सांगायचं तर आजोबा मंगळवारी घरी जाणार आहेत आणि गोळ्या, मीठ, दिवसाला तेरेरे किती, हे सगळं त्यांना समजावून सांगायला बाईंनी मलाच नेमलं आहे. सातुर्निना आजींनी तसा हट्टच धरला, म्हणे दुसरी कोणी नको.

आणखी ता. क. हे पत्र खरं म्हणजे मी एका वस्तूसाठी लिहायला घेतलं होतं, पण मागायचा धीर होईना म्हणून इतकं लांबलं. आजोबांना पाठ उंच ठेवून झोपायला सांगितलंय आणि घरात ती एक कडक लाकडी खुर्ची. तुझ्याकडे फुल्हेन्सिओ काकांची वेताची आरामखुर्ची आहे, मागे रेलणारी, पाय ठेवायच्या फळीसकट. तिच्यावर तू कोणाला बसू देत नाहीस हे मला ठाऊक आहे. पण काका गेल्याला आता पुष्कळ दिवस झाले, आणि काकांनी स्वतः ती होडीवाल्याला आनंदाने दिली असती. बसवाला टपावर टाकून आणील, मी त्याच्याशी बोलून ठेवलंय.

सगळ्यात शेवटचं. पाकीट चिकटवण्याआधी म्हटलं दिग्नाताईला फोन करून खुर्ची धड आहे का ते विचारावं. ती म्हणाली, खुर्चीचं नाव काढू नकोस, ईस्टरपासून आई तीतच झोपते. पलंगावर येतच नाही, म्हणते तुझ्या बाबांची ऊब लागते. ती अगदी सहज बोलली, मी मात्र लगेच तिला विचारलं, आई हल्ली पायात काय घालते? मावशी, परवापर्यंत मला हे पटलं असतं, आणि तुझ्यासाठी रडूही आलं असतं. आता मी तुला उशा किती विचारणार नाही, पाणी किती पितेस तेही नाही. पलंगावर आडवी झालीस तर काय होतं, ते तुझ्या शब्दांत डॉक्टरांना सांग. मला पत्राने कळवू नकोस, आणि फोनवर तर तू खोटंच बोलशील. दिग्नाताईला मी सांगितलंय, उद्या सकाळी ती दुकान बंद ठेवून तुला दवाखान्यात नेईल, आणि त्याआधी धाप वाढली तर त्याच घटकेला. हे पत्र बसवाल्याच्या हाती देते म्हणजे आज संध्याकाळी मिळेल. शनिवारी मी येतेच. खुर्ची राहू दे तुझ्याकडेच, आजोबांचं मी बघते काहीतरी. आणि जाताना ते देवळात घालायचे चांगले बूट घालण्याचा हट्ट धरू नकोस. पायात जाईल ती चप्पल घाल, आणि जे बूट आता जात नाहीत ते पिशवीत घालून सोबत ने. डॉक्टरांना ते दाखव.