भंडाऱ्याला येऊन घरी न आल्याबद्दल

सिहोरा, पौष महिना, १९७८

सौ. सुशीलाताईंना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला उतरला असेल, भाऊजींची हरवलेली सायकल सापडली असेल आणि तुमचा माझ्यावरचा राग निदान निम्मा झाला असेल, अशी आशा करते.

शेजारच्या बेबीबाईनं तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. मी भंडाऱ्याला आले आणि नणंदेच्या घरचा चहाही न घेता परतले. पण ताई, दोष नव्या चष्म्याचा. तो घालून रस्त्यावर आले, तर सगळ्या पाट्या वाचता येत होत्या! इतकी वर्षं धुक्यात राहिलेलं गाव कुणी पुसून समोर ठेवावं, तसं. तुमच्या घराकडे वळायचं तिथेच एक पुस्तकांचं दुकान दिसलं, आणि पाय तिकडे गेले.

त्या दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "कोन्ता वर्ग?" म्हटलं, वर्ग नाही, नुसती बघायची आहेत. "पाहाले काय हाय बाई त्यात? नाव सांगा, देतो." (लुगड्यांच्या दुकानात ढीग उलगडून आपण तशाच उठतो, तिथे कुणी नाव विचारत नाही.) दुसऱ्या दुकानात पोथ्या आणि लग्नपत्रिका. मुलीचं लग्न कधी, असं त्यानं विचारलं. मला मुलगी नाही हे ऐकून त्यालाच वाईट वाटलं.

तिसरं धनीरामजींचं, अगदी गल्लीत. म्हातारे गृहस्थ म्हणाले, "चपला काढा न या अंदर. पाहा कितीबी." आत कपाटांमधली अरुंद वाट, उन्हाची एक पट्टी, जुन्या कागदाचा वास, आणि कुणाला काही वाढायचं नाही. धनीरामजी जेवायला गेले. मी एका कादंबरीत अशी उतरले की गिऱ्हाईक आल्याचंही कळलं नाही. त्याला नेमकी तीच हवी होती. मी म्हटलं, नाही.

"मंग तुमच्या हातात काय हाय?"

"हे मी वाचून राहिली. पुढच्या हप्त्यात या."

बिचारा गेला. दारात धनीरामजी उभे! वाटलं, आता हाकलतात. ते हसले. "येईन तो वापस. इतकं धरून ठेवलं म्हंजे पुस्तक चांगलं असन." मग म्हणाले, गुरुवारी ते लेकीकडे करडीला जातात, दुकान बंद राहतं. "बसान का?"

मी हो म्हटलं, ताई. घरात मी सगळीकडे असते, पण बसलेली कुठेच नसते. ते दुकान मला हवं आहे, आठवड्यातून एक दिवस. तोवर शेवटच्या बसची वेळ झाली, म्हणून तुमचा उंबरा राहिला.

तुमची,
चंद्रकांता

ता.क. तुमच्या भावाला यातलं काही सांगितलेलं नाही. दर गुरुवारी तुम्हाला माझी गरज आहे, असं त्यांना दोन ओळींत लिहा. कशासाठी, ते तुम्हीच ठरवा. तुमच्या शब्दाबाहेर ते नाहीत.

आणखी एक. पाकिटासाठी डिंक मागितला, तर त्यांनी पत्रच वाचलं. मग म्हणाले, "ताईले कायले खोटं बोलाले लावतं? जाय ना. मी बी येतो, संगं बसू." तेव्हा ताई, विनंती बदलते. दर गुरुवारी त्यांना तुमच्याकडे जेवायला ठेवून घ्या, आणि शेवटच्या बसपर्यंत काही झालं तरी सोडू नका.